घरची करणी

करणी हा शब्द मी गेली कित्येक वर्षं तोंडातून काढलेला नाही. घरात कोणी सहज बोलून गेलं तरी मी उठून अंगणात जातो. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला भुताखेतांचं भय आहे. वाटू दे. खरी गोष्ट सांगितली तर ती मला भाकरी वाढताना वर बघणार नाही, आणि ते मला या वयात सोसणार नाही. म्हणून तोंडी न सांगता लिहून ठेवतो आहे.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती आणि त्या तहसिलीत मी देवी टोचत फिरत होतो. खांद्याला कातडी पिशवी, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लसीच्या काचनळ्या, दंडावर टेकवून फिरवायची टोचणी आणि एक वही. एवढ्या सामानावर लोक मला डागदर म्हणत आणि मी त्यांना म्हणू देई. वैनगंगेच्या नावेत सायकल आडवी टाकायची, गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेला लागायचं, आणि वाट संपली की सायकल कोणाच्या तरी गोठ्यात ठेवून पुढे पायी. मला पाहिलं की माणसं जंगलात पळत. अजून न झालेला रोग कोणी दंड खरवडून बरा करतो, हे त्यांच्या गळी उतरत नसे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पळालो असतो.

महिन्याकाठी चांद्याला परतलो की गुरुवारी संध्याकाळी मी एका निवृत्त वकिलांच्या घरी जाई. तिथे सात-आठ जणांचा अभ्यासवर्ग भरायचा, गूढविद्येचा. भिंतीवर माणसाच्या सात देहांचा तक्ता होता, प्रत्येक देहाला वेगळा रंग दिलेला. वकीलसाहेबांना माणसाभोवतीचं तेजोवलय दिसतं असं आम्ही सगळे मानत होतो. माझं वलय त्यांनी फिकट निळं सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी जाऊन मी आरशात पाहिलं होतं. दाढी वाढलेला माझा नेहमीचाच चेहरा तिथे होता.

आज थट्टा करतो आहे, पण तेव्हा थट्टा सुचत नव्हती. मी फिरायचो त्या मुलखात लेकरं किड्यामुंग्यांसारखी मरत. मागच्या खेपेला अंगणात धुळीत खेळणारं पोर पुढच्या खेपेला नसायचं. ते का, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि वर्गात ते सांगत. कोठीत साठवलेला धान म्हणजे संचित. त्यातला काढून चुलीवर चढवलेला भात म्हणजे प्रारब्ध, तो खाल्ल्यावाचून सुटका नाही. आणि आज बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, टाकलेलं बियाणं म्हणजे क्रियमाण. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, आम्हाला हे चटकन पटे. मला तर इतकं पटलं की पोर गेल्याचं ऐकूनही माझ्या घशात काही अडकेनासं झालं. त्यालाच मी साधनेतली प्रगती समजत होतो.

वकीलसाहेबांनी माझ्यावर एक काम सोपवलं. हा विचार जंगलातल्या माणसांपर्यंत त्यांच्या बोलीत पोचवायचा. मी हुरळलो. अडचण होती ती शब्दाची. तिकडे करम म्हणजे नशीब. ते उघडतं नाहीतर फुटतं, माणसानं काही करण्याचा त्यात संबंध नाही. मला असा शब्द हवा होता की ज्याच्या पोटात करणं आहे. सायकल ढकलत एका चढावर चाललो असताना तो सापडला. करणी. आपण केली ती आपली करणी, दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागाच नाही.

वर्गात सांगितलं तेव्हा वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारली. लाकडाच्या डेपोत कारकून असलेले एक गृहस्थ तेवढे गप्प होते. अहेरीकडे त्यांची बरीच वर्षं गेली होती. ते म्हणाले, "हा शब्द तिकडे नेऊ नका. तिकडे करणी कोणीतरी कोणावर केलेली असते. दुसरा अर्थ तिला नाही."

"म्हणूनच तो शब्द आपण धुऊन घ्यायचा," वकीलसाहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. करणीचा तो अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. लहानपणी जेवायला बसताना उगीच कोणी टक लावून पाहिलं तरी आई ताट हलवायची. पण शिकलेल्या माणसानं हातात घेतला की शब्द आपोआप स्वच्छ होतो, असा माझा समज होता. खबरदारी म्हणून मी एक वाक्य घोकून ठेवलं. गावात बोलायला बसलो की आधी ते म्हणायचं: "मी म्हणतो थे करणी जादूटोण्याची नोहोय." मग पुढचं.

ओढ्याकाठचं एक गाव होतं, वीसेक घरांचं. पहिल्या खेपेला मी तिथे गेलो तेव्हा सगळं गाव रिकामं झालं. एका पडवीत एक म्हातारी तेवढी चारोळीच्या बिया फोडत बसली होती, आणि फोडत होती ती दातांनी. साठीच्या वरचं वय, पण दात सगळे जागच्या जागी. मला पाहून ती मोठ्यानं हसली.

"मले पळवत नाई भाऊ, गुडघे गेले. टोच कुठी टोचतं थे."

तिनं दंड पुढे केला. दुसऱ्या दिवशी तोच उघडा दंड घेऊन ती घरोघर फिरली. पाहा, मी मेली का? असं विचारत फिरली. मग भाच्याच्या दोन लेकरांना तिनंच मनगट धरून माझ्यापुढे आणलं, आधी मुलगा, मग मुलगी. तीन दिवसांत सारं गाव टोचून झालं. वहीत ते माझं काम म्हणून लागलं.

ती त्या घरातली आत्या. नवरा मेल्यावर भावाकडे परत आली, पुढे भाऊही गेला, आणि आता घरात भाचा, त्याची बायको, दोन लेकरं आणि ही. पुढच्या खेपांना मी तिच्याच पडवीत उतरू लागलो. ती मला भाजलेली मोहफुलं द्यायची आणि माझ्या फुललेल्या दमाची नक्कल करून लेकरांना हसवायची. मी तिला धान, भात आणि बियाणं सांगितलं. आधी ते घोकलेलं वाक्य म्हटलं, मग सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"भात मीच चढवला म्हणतं?"

"हो बाई. मागच्या जन्मी."

"मंग मले आठवत काऊन नाई? लेकराले मारलं तं आपण सांगून मारतो, हे केलं म्हणून मारून राह्यलो. न सांगता मारलं तं थे काय शिकन?"

मी हसून वेळ मारून नेली. वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न मात्र लिहून घेतला आणि वर्गात वाचून दाखवला. वकीलसाहेब म्हणाले, प्रश्न प्राथमिक आहे. सूक्ष्म देहाला आठवत असतं, स्थूलाला आठवत नाही. हे उत्तर मी तिच्यापर्यंत कधी नेलं नाही. ती पुन्हा हसेल अशी मला धास्ती होती.

त्या वर्षी मळणीच्या दिवसांत मी सगळ्या लेकरांना पुन्हा एकदा टोचलं. पौषात परत गेलो तेव्हा भाच्याच्या अंगणात कोणी काही करत नव्हतं. आठ दिवसांत दोन्ही लेकरं गेली होती. ताप, झटके, आणि मग काही नाही. हिवतापच तो, मी असे पुष्कळ पाहिले होते. भाचा उंबऱ्याला टेकून बसला होता. त्याची बायको भिंतीशी होती. शेजारचे दोन पुरुष जंगलातून आले होते, त्यांच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडी त्यांनी अजून उतरवल्या नव्हत्या.

भाचा म्हणाला, "डागदर साहेब, दोघायलेबी तुमीच टोचलं होतं."

मी म्हटलं, हिवताप होता, टोचण्याचा काही संबंध नाही.

"हिवताप तं साऱ्यायलेच येते. माह्याच घरी दोघं काऊन?"

तो माझ्यावर ओरडत नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि या एका प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी आहे असं मला वाटत होतं. पण हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं असं, की मला कुऱ्हाडींची भीती वाटत होती आणि दोष टोचणीवरून हलवायची घाई झाली होती. मी म्हटलं, "बाहेरून काही नाई आलं. टोचण्यानं नाई, कोणाच्या नजरेनं नाई. हे करणी घरचीच हाये. घरची असते म्हणून भोगाच लागते."

एवढंच. घोकलेलं वाक्य मी त्या दिवशी म्हटलं नाही. विसरलो असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो होतो की त्या घटकेला ते गैरसोयीचं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

म्हातारी त्याच वेळी माझ्यासाठी लोट्यात पाणी घेऊन आतून येत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. भिंतीशी बसलेल्या भाच्याच्या बायकोनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. मग भाच्यानंही पाहिलं. त्या दोन्ही नजरा मी पाहिल्या. मला वाटलं, पटलं यांना. मी पाणी प्यालो, लोटा तिच्या हातात दिला आणि पुढच्या गावाला निघालो.

माघात त्या बाजूला गेलो तेव्हा गावाबाहेरच्या ओढ्यावर गावचा पुजारी भेटला. पुजारी म्हणजे कोणी आजारी पडलं की तांदूळ टाकून कारण पाहणारा. आमच्या वर्गात अशांना अज्ञानी म्हणत. तो पाय धूत होता, मला पाहून तसाच पाण्यात उभा राहिला.

"लेकरं गेली तवा मले बलावलं होतं," तो म्हणाला. "म्या तांदूळ पायले. कोणाचं नाव आलं नाई. ताप हाये, म्हणलं, कोणी केलेलं नोहोय. मंग तू आला. घरची करणी हाये म्हणला. घरात तिघं. आपल्या लेकरावर मायबाप करन का? मंग राह्यलं कोण?"

त्यानंच पुढचं सांगितलं. तीच तर लेकरांना मनगट धरून टोचायला घेऊन गेली होती, हे कोणाला तरी आठवलं. मग भर दुपारी अंगणात तिला धरलं आणि दगडानं तिचे दात पाडले. सगळे. दात नसले तर मंत्र म्हणता येत नाही, म्हणून. नंतर तिला बांधीतल्या राखणीच्या खोपडीत, गवती झोपडीत, नेऊन टाकलं. विहिरीवर यायचं नाही, असं बजावलं.

"म्या किती डाव पायलं," पुजारी म्हणाला, "मले तिचं नाव नाई दिसलं. तू पोथीवाला. तुले कसं दिसलं, भाऊ?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला आपली विद्या कमी पडली असं वाटत होतं आणि तो मला विचारून घेत होता. मी ओढा ओलांडलाच नाही, तिथूनच पाय काढता घेतला. गडचिरोलीत पोलीस ठाण्यावरून गेलो, तिथे एक शिपाई उन्हात बसून वाती वळाव्यात तशी सुतळी वळत होता. त्याच्याशी चार शब्द बोललो असतो तर तिला उचलून दवाखान्यात तरी नेलं असतं. पण मग कोण काय बोललं हेही निघालं असतं. मी सायकलवरून उतरलो नाही.

गुरुवारी वर्गात मात्र मी सगळं सांगितलं, सांगताना रडलो. वकीलसाहेबांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग ते म्हणाले, "भात तिच्या चुलीवर केव्हाचाच चढला होता. तुम्ही फक्त वाढलात. वाढप्याला दोष नाही. तुम्ही निमित्तमात्र."

डेपोतले कारकून उठले, त्यांनी चपला घातल्या आणि कोणालाही नमस्कार न करता निघून गेले. पुन्हा ते वर्गाला आले नाहीत. मी मात्र बसून राहिलो, कारण माझा जीव भांड्यात पडला होता. बाकी सगळं एक वेळ मी स्वतःला माफ करीन, ही गोष्ट करणार नाही. तिच्या तोंडात एक दात उरला नव्हता आणि त्या संध्याकाळी मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

पण ते समाधान फार दिवस टिकलं नाही. जेवताना दाताखाली खडा आला तरी घास बाहेर यायला लागला. फाल्गुनात मी रजा काढली आणि टोचायची पिशवी घरी ठेवून निघालो. काय बोलायचं ते वाटभर घोकलं. बाई, तुम्ही काही केलं नाही. चूक माझी. मी वेडावाकडा शब्द वापरला आणि भ्यालो. मी आता गावात जाऊन सगळ्यांपुढे हेच सांगतो. तिच्यासाठी पोह्यांची पुडी घेतली होती. तिला चावता येणार नाही हे खोपडीपाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

मोह गळायला लागला होता. खोपडीच्या तोंडाशी पाण्याचं मडकं होतं. ते पुजारी दिवसाआड भरून ठेवायचा, हे मला नंतर कळलं. ती आत गोणपाटावर पडली होती. गाल आत ओढले गेले होते, हनुवटी पुढे आली होती, आणि हिरड्यांतून अजून वास येत होता. मला ओळखून ती उठून बसली. हसली, पण हसताना तोंडावर पदर धरला. यापूर्वी तिनं तसं कधी केलं नव्हतं. चैत्र लागायच्या आत ती गेली, म्हणजे आमची ही भेट शेवटचीच.

मी पुडी पुढे केली. तिनं ती हुंगली, सोडली, आणि मातीच्या परळात पाणी घेऊन पोहे भिजत घातले. मी घोकलेलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली. शब्द हवेसारखे निसटत होते, दोनदा विचारल्यावर मला कळलं.

"भाऊ, तू पोथ्या वाचतं. मले सांग. म्या काय केलं?"

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याच्या भोगाचं कारण मला पुरतं ठाऊक होतं. त्यासाठी मागचा जन्म लागत नव्हता, सूक्ष्म देह लागत नव्हता. दोन महिन्यांपूर्वीचा पौषातला तो दिवस, ते अंगण आणि माझं तोंड. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते माझ्या जिभेवर होतं. न सांगता मारू नये, एवढंच तिनं मला कधीतरी म्हटलं होतं. सांगणारा आता समोर बसला होता. ती माझ्याकडे पाहत होती, त्या नजरेत राग नव्हता, संशय नव्हता, नुसता विश्वास होता. तो विश्वास जाईल या भीतीनं माझी जीभ दुसरीकडेच वळली.

"मागच्या जन्मीचं काही असन, बाई," मी म्हटलं.

बाहेर पाचोळ्यावर मोहफुलं पडत होती, एक पडायचं, थोड्या वेळानं दुसरं. ती मान खाली घालून खरंच आठवत असावी. मग तिनं मान डोलावली.

"तसंच असन," ती म्हणाली. "म्याबी कोणाचे दात पाडले असन." थोड्या वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले. "लय दुखलं असन तिले. बिचारी."

पोहे भिजले होते. त्यातले अर्धे तिनं पळसाच्या पानावर काढून माझ्यापुढे सरकवले, लांबून आला म्हणून. मी ते खाल्ले.